गडबच्या ट्राफिकमध्ये मस्कतचा फोन

"हफ्सा येऊ दे नुसती! विमानतळापासून रोह्यापर्यंत तिला असा आवाज ऐकवतो, की मस्कतच्या गाड्या विसरेल ती!"

शाहिदचं हे त्या आठवड्यात रोह्याच्या निम्म्या बाजाराला सांगून झालं होतं. त्याचं रंगाचं दुकान होतं आणि तोंड कधी मिटत नसे. डबाभर डिस्टेंपर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मेहुण्याशी भांडण कसं मिटवावं याचा सल्लाही बांधून घेऊन जायचं!

हफ्सा म्हणजे त्याची बायको. लेकीच्या, माहिराच्या कॉलेजसाठी म्हणून चार वर्षांपूर्वी ती मस्कतला एका शाळेत शिकवायला गेली. आता माहिरा शिकली, पनवेलला नोकरीलाही लागली. पण शाळेने हफ्साला अजून दोन वर्षं थांबायची गळ घातली होती, आणि ती रोज फोनवर एकच विचारत होती, "अवो, काय करू? येऊ का राहू?"

आणि हा बोलघेवडा माणूस काय म्हणायचा? "तुला बरं वाटेल तसं कर." वर लगेच, "बरं ऐक, स्पीकर चार घेऊ का सहा?"

'ये' हा एका अक्षराचा शब्द, पण त्याच्या घशात तो खेकड्यासारखा आडवा व्हायचा. आपण म्हणायचं आणि तिने चांगली नोकरी सोडायची? मग उद्या तिने म्हणावं, तुमच्यापायी सोडली? त्यापेक्षा गाडीच अशी करू, की तिला आपोआप यावंसं वाटेल! रात्रीचं जेवण एकट्याने टीव्हीसमोर जेवणाऱ्या माणसाला असल्या युक्त्या फार सुचतात.

गाडी पंधरा वर्षांची. तिच्यात कंपनीने बसवलेला टेप होता. रेडिओ लावला की आत कोणीतरी भजी तळतंय असं वाटायचं. शाहिद सकाळीच पेणला हितेशच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"शाहिदभाई, बिनधास्त बसा," हितेश म्हणाला. "गाडी नाय, थेटर करून देतो!"

त्याने चारही दारं सोलली. टेपच्या जागी पाटाएवढी स्क्रीन बसवली, दारांत स्पीकर ठोकले, सीटखाली वूफर सरकवला. मग एकेक गंमत सांगायला लागला. "लाईन डायरेक्ट बॅटरीवरून दिलीय. चावी काढलीत तरी गाणी चालू! चार्जिंगची वायर डाव्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये काढलीय. मोबाईल आत टाका, झाकण लावा, चोराला पण दिसणार नाय. आणि फोन आला तर सेट आपला आपण उचलतो, बोटसुद्धा लावायला नको!"

प्रत्येक वाक्याला शाहिदची छाती इंचभर फुगत होती. फक्त फोनवर बोलायचा माइक हितेशच्या काउंटरवर पाकिटातच राहिला होता. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारी मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकून तो रोह्याकडे निघाला, तर गडबपाशी हायवेवर एक ट्रेलर आडवा झाला आणि ट्राफिक ठप्प! शाहिदच्या एका बाजूला रोह्याची एसटी, मागे जोह्याहून गणपतीचे साचे घेऊन निघालेला गोविंदाचा टेम्पो, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडेला सीताबाईचा कलिंगडांचा ढीग. एवढे श्रोते आयते मिळालेत म्हटल्यावर कोण गप्प बसेल? शाहिदने काचा खाली केल्या आणि आवाज फुल्ल केला. एसटीतून डोकी बाहेर आली. शाहिद नवऱ्यामुलासारखा मान ताठ करून बसला.

तेवढ्यात गाणं थांबलं.

"अस्सलामु अलैकुम!" हफ्साचा आवाज गडबभर घुमला. दोन बगळे शेतातून उडाले!

"वालेकुम सलाम! थांब, आवाज कमी करतो!" शाहिदने स्क्रीनवर बोट आपटलं. स्क्रीन हँग! काचांचं बटण दाबलं. काच दोन बोटं वर आली, कुरकुरली आणि पुन्हा खाली बसली.

"अवो, ऐकू येतंय ना?"

"येतंय गो! सगळ्यांना येतंय! हळू बोल!"

"अवो? बोलत का नाय? रागावलात?"

एसटीचा कंडक्टर खिडकीतून वाकला. "दादा, बाई विचारतायत, रागावलात का?"

शाहिदने चावी काढली. सेट चालूच! मोबाईल घ्यायला ड्रॉवर ओढला, तर आतल्या वायरीने झाकण असं पकडलेलं, की हलायचं नाव नाही. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"बरं, नका बोलू," हफ्सा म्हणाली. "आज मीच बोलते. शाळेच्या मॅडमना आत्ता करारावर सही पायजे माझी. अवो, हितं सगळं हाय. एसी हाय, मान हाय. पन शाळेतून आले की एकटीपुरता वाटीभर भात लावते, आनि मग तो पन जात नाय मला. तुमी फोनवर वूफर सांगता, स्पीकर सांगता. मला त्यातलं काय एक कळत नाय. मी नुसता तुमचा आवाज ऐकते. वाटतं, आता म्हनेल हा मानूस. आता म्हनेल."

एसटीतली डोकी आणखी बाहेर झुकली. गोविंदाने टेम्पोचं इंजिन बंद केलं. सीताबाईच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली.

"नुसतं ये म्हना," हफ्सा म्हणाली. "बाकी काय नको."

"ये!" शाहिद ओरडला. चार वर्षं अडकलेला खेकडा एका झटक्यात बाहेर! "ये गो हफ्सा! घरी ये!"

"अरे बाबा, तिला ऐकाया जात नाय तुजा!" सीताबाई कळवळली.

"या वहिनी!" अख्खी एसटी ओरडली. "या! या!"

पलीकडून हफ्सा म्हणाली, "बरं. कळलं मला." आणि फोन बंद.

सीताबाई कलिंगडाची सुरी घेऊनच धावली. तिने ती फटीत घालून असा हिसका दिला, की झाकणासकट अर्धा ड्रॉवर शाहिदच्या मांडीवर! त्याने मोबाईल ओढला, ब्लूटूथ बंद केलं आणि गाडीतून उतरून फोन लावला.

"हफ्सा! अगो, माइकच नव्हता! मी ओरडत होतो इथं! सही नको करू!"

"केली वो," हफ्साचा आवाज बारीक झाला होता.

"दोन वर्षांची?"

"एका वर्षाची. तुमी ये म्हनालात नाय, नको पन म्हनालात नाय. मग मी अर्ध्यावर आनलं."

शाहिद गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. एक वर्ष. एक रमजान, एक ईद, एक अख्खा पावसाळा.

"काय म्हनत होतात तुमी मगाशी?" तिने हळूच विचारलं.

"ये."

"परत म्हना."

"ये."

"अजून."

"ये, ये..." शाहिदचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना. मोकळा हात आपोआप हवेत हलायला लागला. "ये गो... ये... ये..."

पुढे ट्रेलर सरळ झाला होता. गाड्या हलल्या. गोविंदाने टेम्पो सुरू केला. समोर एक भला माणूस हात हलवून ये, ये म्हणतोय म्हटल्यावर तो आला! शाहिद कसाबसा बाजूला झाला आणि टेम्पो त्याच्या डिकीत धाडकन घुसला.

"अरे, आंधळा हायस काय!" शाहिद कळवळला.

"तुमीच तर ये ये म्हनत व्हतात!" गोविंदा बोंबलला.

"तुला नाय रे म्हणत होतो!"

"मला नाय?" फोनमधून हफ्साचा आवाज आला, अगदी शाळेतल्यासारखा. "मग कोणाला?"