मोकळ्या रस्त्यावरचा ब्रेक

सकाळी साडेनऊच्या सुमारास, समोर ना माणूस, ना सिग्नल, अशा मोकळ्या रस्त्यावर कार्यालयाच्या गाडीने करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरचे उपसंचालक पुढच्या सीटवर आदळले आणि कपाळ चोळत म्हणाले, "शाब्बास!"

ही शाब्बासकी चालकाला सुखासुखी मिळालेली नव्हती. त्याच्या गाडीत साहेब लोक झोपत. लांबूनच सिग्नल हेरून तो पाय सैल सोडी आणि गाडी मांजरीच्या पावलांनी थांबे. मग कार्यालयात नव्या गाड्या आल्या. ब्रेक दाबला की चाकांची वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठायची आणि पुढे इंजिनाला हातभार लावायची. किती साठली, याचा आकडा काचेखाली हिरव्या अक्षरांत दिसे. कार्यालयाने त्यावरून निष्कर्ष काढला, की जितके ब्रेक तितकी बचत.

महिनाअखेरीला चालकाला बोलावणे आले. त्याच्या गाडीने सर्वांत कमी इंधन खाल्ले होते. पण हिरवा आकडा सर्वांत लहान होता.

"ऊर्जा वाचवायला तुमचा तात्त्विक विरोध आहे का?" उपसंचालकांनी विचारले.

"नाही साहेब. ब्रेक मारायची वेळच येत नाही."

"मग आणा ना वेळ! नाहीतर गाडीची किल्ली ठेवा टेबलावर आणि उद्यापासून तळघरात गठ्ठे बांधायला बसा."

तळघराला खिडकी नव्हती. चालकाने किल्ली खिशातच ठेवली. घरी बायको म्हणाली, "अहो, सगळे मारतात ना? मग तुमच्याच पायाला काय सोनं लागलंय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानेही लाज गुंडाळून ठेवली. ब्रेक मारायचा तर आधी वेग हवा, म्हणून तो गाडी पिटाळू लागला. वेग आला की थांबवू लागला. आकडा फुगला. साहेबांनी मानेला पट्टा बांधून घेतला आणि चालकाचा फोटो भिंतीवर लागला. इंधन दुप्पट जळते आहे, असे हिशेबनिसाने दबकत सांगितले, तेव्हा उपसंचालक थंडपणे म्हणाले, "जळतं ते तुमच्याकडे लिहा. आपल्या विभागाकडे वाचवण्याचं काम आहे."

अशा रीतीने वाचवता वाचवता वर्षभराचे इंधन सहामाहीतच संपले. बॅटऱ्या मात्र काठोकाठ भरत आल्या होत्या.

"साहेब, आता साठवलेल्या विजेवर चालवू?" चालकाने आशेने विचारले.

"वेडे आहात का? आकडा उतरेल! वर काय तोंड दाखवू?"

"मग गाडी चालणार कशी?"

उपसंचालकांनी खिडकीतून खाली पाहिले. दाखल्यांसाठी आलेल्या लोकांची रांग फाटकाबाहेर गेली होती.

आज सकाळपासून गाडी रांगेतली माणसे ढकलत आहेत. थोडा वेग आला की चालक ब्रेक मारतो, मागची माणसे डिकीवर नाक आपटतात आणि आकडा सरकतो. एका म्हाताऱ्याने धापा टाकत विचारले, "अरे बाबा, आम्ही ढकलायचं आणि तू थांबवायचं, हा कुठला न्याय?"

"काका, मला तळघरात जायचं नाही," चालक आरशात न बघता म्हणाला.

यावर मागची बाई म्हाताऱ्यावरच खेकसली, "तुम्ही गप्प ढकला हो! तुमच्यापायी आमचंही काम अडायचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. इंधन शून्य आणि बचत विक्रमी, असा अहवाल दुपारी वर गेला. वरून अभिनंदनही आले. चालकाची जागा तूर्त शाबूत आहे. शेवटची बातमी हाती आली तेव्हा गाडी पुलाच्या चढावर अर्ध्यात होती, आत उपसंचालक डुलक्या घेत होते आणि ढकलणारे दमल्यामुळे रांगेतल्या पुढच्या तुकडीला हाक मारली जात होती. तुमचा दाखला अजून मिळालेला नसेल, तर बाह्या सरसावून ठेवा.