पहिल्या चाटणीचा मान

एका जंगलात, बालमित्रांनो, एक खारट खडक होता. जंगलात खडक पुष्कळ असतात. हा चाटायचा होता. दरवर्षी तिथे जत्रा भरे. पहिल्या चाटणीचा मान रानरेड्याच्या घराण्याकडे होता. मानकऱ्याने जत्राभर पोटभर चाटायचं, मग बाकीच्यांनी.

या घराण्यातले कर्ते रेडे भर वयात, खडकाच्या पायथ्याशीच कोसळत. आजोबा तसे गेले, वडील तसे गेले. जंगल म्हणे, काय भाग्याचं मरण. खडकामागे त्यांच्या नावाचे दगड ओळीने उभे होते.

सध्याचा मानकरी होता दौलतराव. त्याची बायको सगुणा. त्यांचं रेडकू अजून आईच्या पोटाखालून बाहेर येत नव्हतं.

त्या वर्षी अस्वलवैद्य दूरच्या जंगलातून शिकून आला. त्याने दौलतरावाला काही दिवस मीठ चाटवलं, काही दिवस बंद केलं, आणि दोन्ही वेळा रक्तदाब पाहिला. मग तो म्हणाला, "मीठ सगळ्यांना सारखं नसतं. साळिंदराचं शरीर ते बाहेर टाकतं. तुमचं धरून ठेवतं. मग अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो. शिंगांच्या वळणासारखं हेही आईबापांकडून येतं. तुम्ही खडकाला तोंड लावू नका. पोराचंही पाहू."

ही बातमी साळिंदराच्या कानावर गेली. त्याला मीठ फार प्रिय. तो सांगत सुटला की आपण बारा महिने चाटतो, आपले आजोबा तर खडकावरच झोपत, आणि म्हातारे होऊन मेले. अस्वलाला मध जास्त झालाय.

सभा बोलावली गेली. सभापती वानर निःपक्षपाती होता. तो म्हणाला, "ज्यांना या खडकाचं मीठ बाधून मरण आलं असेल, त्यांनी पुढचा पाय वर करावा."

बालमित्रांनो, एकही पाय वर झाला नाही.

मीठ निर्धोक असल्याचा ठराव झाला. रेड्याचं घराणं खाल्ल्या मिठाला जागणारं आहे, असंही वानराने कौतुकाने जोडलं. दौलतरावाची मान ताठ झाली.

घरी सगुणा म्हणाली, "अहो, यंदा नुसतं नाक लावून परत या."

"नाक लावून मान राहत नाही."

"मामंजी गेले तेव्हा त्यांचं तोंड मी पुसलं. ओठांवर मीठ होतं. मान कुठे दिसला नाही मला."

दौलतराव रवंथ करू लागला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

लोक काहीच वाईट म्हणाले नाहीत. जत्रेच्या शेवटच्या दिवशी तो कोसळला, तेव्हा सगळे म्हणाले, काय भाग्याचं मरण. खडकामागे जागा होतीच.

पुढच्या जत्रेआधी पुन्हा सभा भरली. आता मान रेडकाचा. वानराने तोच प्रश्न विचारला. सगुणेने पाय वर केला.

"बाई, तुम्हाला बाधलं?"

"नाही. बाधलं ते खडकामागे आहेत. तिथे जाऊन विचारा."

गैरहजर सभासदांची मतं धरता येत नाहीत, असं वानराने मायेने समजावलं. ठराव पुन्हा एकमताने झाला. सगुणेचा पाय वरच होता, पण तो सभेने दुःखाच्या खात्यात धरला.

तिने रेडकाला अस्वलाकडे नेलं. वैद्याने तपासलं आणि मान हलवली. बापाचंच रक्त. त्याच संध्याकाळी ती त्याला घेऊन नदीपलीकडच्या गोड्या गवतात राहायला गेली.

मान साळिंदराला मिळाला. तो आजवर चाटत आला आणि त्याला काही झालं नाही. मान पेलायला मुळात घराणं लागतं, असं तो अजून सांगतो.

रेडकू आता बापापेक्षा वयाने मोठं झालं आहे. पोराने घराण्याचं नाव बुडवलं, असं पाणवठ्यावर कोणी ना कोणी सगुणेला ऐकवतं. ती हो म्हणते, आणि पोराची पाठ चाटते. घामाने ती जराशी खारट लागते. सगुणेला तेवढं मीठ पुरतं.

तात्पर्य: मीठ कोणालाही बाधत नाही. खात्री करायची असेल, तर जिवंत असलेल्या कोणालाही विचारा.