उजव्या गालाचे नूतनीकरण

माणूस ही भरवशाची वस्तू नाही. तो जाड होतो, बारीक होतो, टक्कल पाडून घेतो, आणि यातले काहीही करण्याआधी संबंधित खात्याला कळवत नाही. ओळखपत्र असले चाळे करत नाही. काढल्या दिवशी ते जसे दिसते तसेच दहा वर्षांनीही दिसते (प्लॅस्टिक बरे असेल तर). म्हणूनच माणूस आणि ओळखपत्र यांचे न पटल्यास खरे कोणाचे मानायचे, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या कार्यालयाला पडत नाही.

तो पडला बेकरीवाल्या काकांना. काकांची चौकात बेकरी होती आणि त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडच्या शहरात राहत होती. तिला नववा महिना लागला होता. तिने फोनवर वडिलांना सांगितले, "बाबा, आई नाही आली तरी चालेल, पण तुम्ही याच." आणि त्याच फोनवर आईला नेमके उलटे सांगितले. दोघेही खूश होऊन तयारीला लागले. तेव्हा लक्षात आले, की सीमा ओलांडायला चालू ओळखपत्र लागते आणि दोघांच्याही ओळखपत्रांची मुदत संपत आली आहे.

ओळखपत्र कार्यालयाची व्यवस्था वाखाणण्याजोगी होती. पहिल्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती आणि तिच्याखाली 'येथे चौकशी करू नये' अशी दुसरी. टोकनचे यंत्र बंद होते, पण टोकनशिवाय आत सोडत नसल्यामुळे एक शिपाई स्वतःच्या अक्षरात आकडे लिहून देत होता. बसायला जमिनीला स्क्रूने घट्ट केलेल्या खुर्च्या होत्या (नागरिक त्या घरी नेतील अशी भीती असावी, एकदा बसून पाहिल्यास ती निराधार वाटते). कार्यालयाच्या अहवालानुसार तिथे येणाऱ्यांपैकी ब्याण्णव टक्के समाधानी होते. उरलेल्या आठ टक्क्यांना अभिप्रायाचा कागद मिळाला नव्हता.

काकूंचे काम चुटकीसरशी झाले. यंत्राने त्यांचा नवा फोटो जुन्याशी ताडून पाहिला आणि दहा वर्षांत चेहऱ्यात काहीही फरक पडला नसल्याचा निर्वाळा दिला. हा निर्वाळा काकूंनी पुढचा आठवडाभर आळीत सगळ्यांना ऐकवला.

काकांच्या वेळी यंत्राने लाल दिवा लावला.

"काका," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही नाही."

बाई स्वभावाने फार चांगल्या होत्या. त्यांनी पडदा वळवून काकांना जुना फोटो दाखवला. त्यात काकांचा एक गाल टम्म फुगला होता आणि त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. काकांना तो दिवस लख्ख आठवला. अक्कलदाढेने जीव नकोसा केला होता. पण फोटोची तारीख बदलायला वेगळा अर्ज करावा लागत असल्यामुळे ते तसेच येऊन बसले होते.

"अहो, माझी दाढ सुजली होती त्या दिवशी!"

"तशी नोंद नाही," बाई म्हणाल्या. "नोंदीत गाल हा गाल म्हणूनच आहे. सूज म्हणून नाही."

"मग बोटांचे ठसे घ्या ना!"

ठसे घेतले. ते तंतोतंत जुळले. काका सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच बाईंचा चेहरा गंभीर झाला. "हे तर फारच वाईट झालं हो काका. चेहरा तुमचा आणि बोटं त्यांची."

यावर कायदेशीर मार्ग तीन होते, आणि बाईंनी तिन्ही आपुलकीने समजावून दिले. एक, काकांनी नवा माणूस म्हणून अर्ज करावा. मात्र नव्या माणसाने जुन्या माणसाची बोटे वापरणे हा गुन्हा आहे. दोन, जुन्या माणसाची नोंद रद्द करून घ्यावी. मात्र त्यासाठी जुन्या माणसाने समक्ष यायला हवे, आणि येताना चेहरा जुळायला हवा. तीन, सूज होती असा दंतवैद्याचा दाखला आणावा.

काका दंतवैद्याकडे धावले. दंतवैद्य म्हणाले, "जुने कागद आम्ही ठेवत नाही. दाढ तर मी काढून टाकलेली. तिथे दाढ नाही, असा दाखला देतो हवा तर." तो दाखला घेऊन काका परत आले. दाढ नसणे हा ती दुखल्याचा पुरावा होत नाही, असा शेरा त्यावर पडला. खरे सांगायचे तर या शेऱ्यात तर्कदृष्ट्या काडीचीही चूक नव्हती.

इकडे मुलीचे फोन वाढू लागले. "बाबा, डॉक्टर म्हणतात केव्हाही होईल. कधी निघताय?" काका म्हणायचे, "निघालोच गं." मग फोन ठेवून भट्टीपुढे जाऊन उभे राहायचे. डोळ्यांतल्या पाण्याला धुराचे निमित्त मिळायचे. मुलगी लहानपणी तापाने फणफणली की आईला नव्हे, त्यांना हाक मारायची, आणि आता ती हाक मारत होती तर एक गाल आडवा आला होता.

चौथ्या खेपेला काका खिडकीशी हुज्जत घालत असताना मागची रांग चुळबुळू लागली. रांगेत एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी खाकरून विचारले, "अहो बेकरीवाले, गाल फुगलेला हवा ना? मग फुगवा की! आम्हाला का ताटकळत ठेवताय?" सबंध रांगेला हे पटले. 'कार्यालय चुकते आहे' असे कोणाच्याही तोंडून आले नाही, कारण प्रत्येकाचे स्वतःचे काम व्हायचे होते.

घरी रंगीत तालीम झाली. काकूंनी जुने ओळखपत्र आरशाला टेकवून ठेवले आणि बेकरीतल्या पावाचा मऊ लगदा करून दिला. वाद झाला तो गालाबद्दल.

"दाढ उजवीकडची होती गं. अजून जीभ लागते त्या खड्ड्याला."

"फोटोत डावीकडे दिसतंय. आरशातही डावीकडेच दिसायला हवं. नीट बघा की!"

काका विचारात पडले. एका बाजूला स्वतःची जीभ होती आणि दुसऱ्या बाजूला सरकारी फोटो. जबाबदार नागरिकाला शोभेल असाच निर्णय त्यांनी घेतला आणि पाव डाव्या गालात कोंबला.

पाचव्या खेपेला, कार्यालयात, यंत्राने पुन्हा लाल दिवा लावला. बाई हळहळल्या. "काका, हा तर तिसराच कोणीतरी आला." आता कार्यालयाच्या नोंदी काकांना तीन माणसे धरत होत्या, आणि तिघांची बोटे सामाईक होती. (त्या तिमाहीत त्या प्रभागाच्या लोकसंख्येत किंचित वाढ झाल्याचे पुढे जाहीर झाले. तिचे श्रेय एका समाजकल्याण योजनेला मिळाले.)

काका खुर्चीत मटकन बसले. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि कुजबुजल्या, "दुसऱ्या गालात घाला हो. आणि तो डोळा मिटायला विसरू नका."

पाव या गालातून त्या गालात गेला. डोळा अर्धा मिटला. मुलीची आठवण येऊन चेहऱ्यावर कळ तर आपसूकच उमटली. हिरवा दिवा लागला. शहाण्णव टक्के जुळले. उरलेले चार टक्के वयाचे धरण्यात आले. रांगेने टाळ्या वाजवल्या आणि अजूनही रांगेतच असलेले मास्तर पुढे सरकले.

नवे ओळखपत्र आले. सुजलेल्या गालाला पुढच्या दहा वर्षांची मंजुरी मिळाली होती. रेल्वे सीमेवर थांबली तेव्हा काकांनी तोंडात पाव भरूनच ते तपासनिसापुढे धरले. तपासनिसाने कार्ड पाहिले, गाल पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि शिक्का मारला. शेजारच्या काकूंकडे मात्र त्याने दोनदा निरखून पाहिले. कार्डाशी एवढी मिळतीजुळती व्यक्ती त्याला संशयास्पद वाटली असावी.

मुलगी डॉक्टरांचे न ऐकता, पोट सावरत, फलाटावर उभी होती. काका घाईत पाव काढायला विसरले होते. गर्दीत, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, इतक्या लांबून तिने पाहिले आणि ओरडली, "बाबा! परत दाढ दुखतेय का हो?" काकांनी पाव काढला, तिला जवळ घेतले आणि भर फलाटावर हमसाहमशी रडले. तिने ठसे घेतले नव्हते की टक्केवारी काढली नव्हती. इतक्या बेजबाबदारपणे लोक एकमेकांना ओळखू लागले तर कारभार कसा चालायचा, ही चिंता रास्तच आहे.

हे वाचताना आपण मध्ये कुठे हसला असाल, तर एक गोष्ट निदर्शनास आणून देणे आमचे कर्तव्य ठरते. आपले ओळखपत्र बाहेर काढून पाहा. त्यातली व्यक्ती हसत नाही. हसू नका, अशी तिला त्या वेळी स्पष्ट ताकीद होती आणि तिने ती मुकाट्याने पाळली. तेव्हा आत्ता हसले ते कोण, याचा खुलासा दोन साक्षीदारांसह सात दिवसांच्या आत सादर करावा. येताना कार्डावरचा चेहरा घेऊन यावे. आत्ताचा चालणार नाही.