मालकाने पंखा उचलला

भाडेकरार वाढवायचा की नाही, हे सांगण्यासाठी घरमालक त्या सायंकाळी स्वतः येणार होते. म्हणून सूनबाईने कामावरून आल्या आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता, अप्पांना हात जोडले.

"अप्पा, आज एक शब्दही बोलू नका. मागच्या वेळी तुम्ही त्यांच्या करारातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्यात."

"चुका होत्या, म्हणून काढल्या."

"असतील. पण पुन्हा घर शोधायचं त्राण नाही हो माझ्यात."

अप्पांनाही ते त्राण नव्हते. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला होता (शेजारपाजारचे लोक त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत, अप्पा ती पदवी समजत). तेव्हा कोणाच्या अध्यातमध्यात न पडता आतल्या खोलीत नातीचा हिशेबशास्त्राचा अभ्यास घ्यावा, असा त्यांनी निरुपद्रवी निर्णय घेतला.

खोलीत उकाडा होता. तिथला पंखा कुरकुरतो म्हणून घरमालकांनी आदल्याच दिवशी तो दुरुस्तीसाठी काढून नेला होता. अप्पांनी जिन्याकडची खिडकी सताड उघडली आणि चष्मा पुसून गणित वाचले.

"'मालकाने घरच्या वापरासाठी दुकानातील एक पंखा उचलला. नोंद करा.' काय लिहिलेस?"

"उचल खाते नावे, खरेदी खात्यास जमा," नात जांभई देत म्हणाली.

"उचल? पैसे न देता वस्तू उचलली, तर मराठीत त्याला चोरी म्हणतात!"

"अहो अप्पा, इथे उचल म्हणजे मालकानं स्वतःसाठी..."

"मालक झाला म्हणून काय झाले?" अप्पांचा आवाज चढला. शब्दाचा प्रश्न आला की त्यांचा थकवा पळून जाई. "मालकाने पंखा उचलला, ही धडधडीत चोरी आहे! टाक मालकाच्या नावे!"

"हळू बोला ना!"

"का हळू बोलू? मी कुणाला भितो काय?"

जिन्यात वाजत असलेल्या चपला थांबल्या. खिडकीच्या गजांपलीकडे घरमालक दिसले. त्यांच्या काखेत पंखा होता.

"मी चोर?" ते म्हणाले.

"आपण नव्हे," अप्पा लगबगीने उठले. "मी दुसऱ्या मालकाविषयी बोलत होतो."

"या घराला दुसरा मालक कोण?"

"पुस्तकातला! त्यानेही पंखाच उचलला. म्हणजे, आपण उचललात असे नव्हे. आपण नेलात. 'नेणे' आणि 'उचलणे' यांतील अर्थभेद आपण लक्षात घेतलात, तर..."

"अप्पा!" दारातून सूनबाईचा हुंदका आणि ओरडणे एकदमच आले. तिने कपाळाला हात लावला. बहुधा पुढचे घर तिला दिसू लागले होते: तिसरा मजला, नळाला पाणी नाही.

तेवढ्यात नातीने पुस्तक गजांपाशी धरले. "काका, हे वाचा. दुकान आणि मालक वेगळे धरायचे. मालकानं दुकानातलं काही घरी नेलं, की ती उचल. चोरी नाही. अप्पांना एवढंच कळत नाहीये."

घरमालकांनी पंखा खाली ठेवून ओठ हलवत गणित वाचले. मग पुन्हा वाचले.

"आमच्या चिरंजीवांचं याच धड्यावर घोडं अडलंय," ते सावकाश म्हणाले. "आत्ता कुठे मला समजलं. वहिनी, करार वाढवतो. पण शिकवायला कुणीतरी खाली पाठवा."

अप्पांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. "माझी तयारी आहे."

"तुमची नात पाठवा," घरमालक घाईघाईने म्हणाले.

"आणि मी?"

"तुम्ही खिडकी लावून बसा," दाराशी येऊन पंखा आत देत घरमालक म्हणाले. "त्यासाठीच तर हा दुरुस्त करून आणलाय."