बांबूचा पेपर

एका जंगलात, मुलांनो, शेवटच्या वर्गाची गणिताची परीक्षा होती. हलू नका, परीक्षेचं नाव काढलं की तुम्हाला लगेच तहान लागते. ही परीक्षा तुमची नाही, प्राण्यांची आहे. तेव्हा निवांत ऐका.

या जंगलात गणिताच्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी यायचा. दहा हात लांब ऊस आहे, उंदराला त्याचे एकेक हाताचे तुकडे करायचे आहेत, तर त्याने किती वेळा कुरतडावं? पुस्तकात उत्तर दिलं होतं, दहा. आजोबांनी दहा लिहिलं, बापाने दहा लिहिलं, पोरांनीही दहाच लिहायचं. कोल्हे सरांच्या क्लासमध्ये हे उत्तर चालीवर म्हणून घेत. फी मात्र वर्षभराची घेत.

त्या वर्षी पेपर काढायचं काम पिंगळेबाईंकडे आलं. बाई घुबडाच्या जातीच्या, रात्रभर जागणाऱ्या. तोच ऊस पुन्हा उतरवून काढायचा त्यांना कंटाळा आला. मग त्यांनी काय केलं असेल? उसाच्या जागी बांबू घातला आणि दहाच्या जागी बारा. झालं! एवढंच केलं बाईंनी.

पेपर सुटला आणि वडाखाली रडारड सुरू झाली. पुरुषोत्तम नावाचा वानर, वर्गाचा पुढारी, पारंबीला लटकून बोलायला लागला. त्याचं म्हणणं, पेपर अवघड होता. धडा उसाचा, प्रश्न बांबूचा, हा कुठला न्याय? ऊस मऊ असतो, बांबू टणक असतो, तो कुरतडायला कुणी शिकवलं होतं का? वर्गाने माना हलवल्या. कुणीतरी हुंदका दिला.

शलाका हरिणी हुशार विद्यार्थ्यांच्या वतीने उभी राहिली. तिचं दुखणं वेगळं. पेपरात नवीन काही नव्हतंच म्हणे. जुन्याच उसाला बांबूची टोपी घातली, हा आमच्या बुद्धीचा अपमान आहे, असं ती डोळे मोठे करून म्हणाली. वर्गाने पुन्हा माना हलवल्या. त्याच माना, बरं का. प्रश्न कधीच न पाहिलेला होता म्हणून अवघड, आणि शंभरदा पाहिलेला होता म्हणून चोरीचा. दोन्ही गोष्टी एकाच वर्गाला एकाच वेळी पटल्या. याला म्हणतात उच्च शिक्षण.

या गर्दीत मागे एक चिचुंद्री बसली होती, कुंदा. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. पावसाळ्यात नाला भरला की तिची वस्ती तुटायची. मागच्याच पावसात शेजारची दोन पिल्लं वाहून गेली होती. तेव्हापासून कुंदाच्या मनाने एकच घेतलं होतं, पूलशाळेत जायचं आणि नाल्यावर पूल बांधायचा. पूलशाळेत प्रवेश गणिताच्या गुणांवर मिळे. त्यातही पूर्ण गुण हवेत, एक कमी चालत नसे.

कुंदाला तो प्रश्न आवडला होता. खरंच आवडला होता. तिने पानाच्या कडेला बांबू काढला, त्यावर रेघा मारल्या, आणि रेघा मोजल्या. अकरा. अकराव्या रेघेलाच बारा तुकडे होतात, मग बारावी रेघ मारायची कुठे? तिने अकरा लिहिलं आणि तिला इतका आनंद झाला की शेपटी आपोआप हलली.

तेच ती भोळेपणाने बोलून बसली. प्रश्न सुटतो की, म्हणाली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, मयताच्या घरी कुणी जेवणाची चौकशी करावी तसं.

संध्याकाळी मोर्चा निघाला. फलक मोजकेच होते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिले होते. एका बाजूला 'न शिकवलेला प्रश्न रद्द करा', दुसऱ्या बाजूला 'जुनाच प्रश्न दिल्याचा निषेध असो'. वारा येईल तशी मागणी बदलत होती. सगळ्यांत पुढे कोल्हे सर चालत होते. त्यांची काळजी वेगळीच होती. पोरं विचार करून उत्तरं लिहायला लागली तर क्लासला कोण येणार?

मग समिती नेमली. समिती नेमल्याशिवाय कुठल्याही जंगलात काही होत नाही. अध्यक्ष झाले अण्णासाहेब गवे. वजन भरपूर, त्यामुळे त्यांच्या शब्दालाही वजन. सल्लागार कोल्हे सर. पिंगळेबाईंना बोलावलं, ते भर दुपारी. बाईंना उजेडात काही दिसेना. त्या खांबालाच नमस्कार करून म्हणाल्या, उत्तर पुस्तकाच्या नियमाप्रमाणे बाराच आहे, बारा हातांना बारा.

कुंदा पुढे आली. बांबू आणून प्रत्यक्ष कुरतडून बघा, एवढंच तिने मागितलं.

बारा हातांचा बांबू आणला. समितीच्या शिपायाला, म्हणजे उंदराला, कामाला लावलं. तो एकेक हातावर कुरतडत गेला आणि सगळे मोजत गेले. अकराव्यांदा कुरतडून झालं आणि उंदीर थांबला. समोर बारा तुकडे पडले होते, सगळे सारखे, सगळे एकेक हाताचे. कुंदाला वाटलं, जिंकले.

"थांबलास का?" अण्णासाहेब उंदराला म्हणाले. "बारा वेळा कुरतडायचं आहे ना?"

"साहेब, कुरतडायला काही उरलंच नाही."

"उरलं नाही कसं? नियम बाराचा आहे."

नोकरी म्हणजे नोकरी. उंदराने शेवटचा तुकडा उचलला आणि मधोमध कुरतडला. कोल्हे सरांनी तुकडे पुन्हा मोजले. तेरा झाले होते, त्यातले दोन आखूड. अण्णासाहेबांनी बराच वेळ डोळे मिटून रवंथ केलं आणि निकाल दिला. बारा तुकडे हवे होते, तेरा झाले, म्हणजे प्रश्नच चुकीचा आहे.

केवढ्या टाळ्या पडल्या म्हणता! अवघडवाले जिंकले आणि चोरीवालेही जिंकले. ज्यांनी दहा लिहिलं त्यांना पूर्ण गुण, कारण ते पुस्तकाशी एकनिष्ठ राहिले. ज्यांनी बारा लिहिलं त्यांनाही पूर्ण, कारण त्यांनी नियम पाळला. ज्यांनी पान कोरं ठेवलं त्यांनाही पूर्ण, कारण त्यांना धक्का बसला होता. पिंगळेबाईंना कायमची दिवसपाळी मिळाली.

उरली कुंदा. तिचं अकरा कशातच बसेना. शिवाय चुकीच्या प्रश्नाचे गुण त्रास झालेल्यांना असतात, आणि तिला त्रास झाला नव्हता, हे तिने स्वतःच वडाखाली सांगितलं होतं. तिला शून्य. पण समिती काही दगडाच्या काळजाची नव्हती. कुंदाला त्या एका प्रश्नापुरती फेरपरीक्षा मंजूर झाली. प्रश्न उसाचा.

कुंदा घरी येऊन आईच्या कुशीत खूप रडली. आईला गणित येत नव्हतं. नाला किती चढतो ते मात्र तिला ठाऊक होतं.

"दहा लिही गं बाई," आई म्हणाली. "पूल बांध, मग तुला काय हवं ते लिही."

फेरपरीक्षेत कुंदाने आधी नऊ लिहिलं. कारण नऊच येतात, मुलांनो, तुम्हीही रेघा मारून पाहा. लिहून ती त्या नऊकडे बघत बसली. तिला ती शेजारची पिल्लं आठवली. मग तिने जिभेने बोट ओलं केलं, नऊ पुसला आणि त्या ओल्या डागावर दहा लिहिलं.

पूर्ण गुण मिळाले. कोल्हे सरांनी नाक्यावर तिचं भलंमोठं चित्र लावलं आणि खाली लिहिलं, 'आमच्याच क्लासची विद्यार्थिनी'. तिने तो क्लास आतून पाहिलासुद्धा नव्हता. पण सत्कारात बसून ती काय बोलणार? नारळ घेतला आणि आली.

पूलशाळेत कुंदा मन लावून शिकली. पहिल्याच वर्षी तिला कळलं की तिथे पुलाचे आडवे तुकडे पुस्तकाच्या नियमानेच कापतात. जितके हात बांबू, तितक्या वेळा कुरतडायचं. कापताना मोजायला तपासनीस उभा असतो, एक जरी कमी झालं तरी पूल नामंजूर. म्हणून शेवटचा तुकडा नेहमी मधोमध कुरतडलेला असतो, आणि तो अर्धाच पुलाला बसवतात. कुंदाने एकदा हळूच विषय काढला. वर्गातल्या मुलांनी विचारलं, हे परीक्षेला आहे का? नव्हतं. मग कुणी ऐकलं नाही. पुढे तिनेही सोडून दिलं.

शिक्षण संपलं आणि नाल्यावर पूल झाला. कुंदानेच बांधला, अगदी नियमाप्रमाणे. तपासनीसाने कुरतडणं मोजलं आणि मान डोलावली. उद्घाटनाला अण्णासाहेब आले. पूल आपलं वजन पेलणार नाही, हे ओळखून त्यांनी अलीकडूनच भाषण केलं.

पहिला मान कुंदाच्या आईचा. म्हातारी नवं लुगडं नेसून, एकेक तुकडा चाचपत, दुथडी भरलेल्या नाल्यावरून थेट पलीकडे पोचली. फक्त शेवटचं पाऊल राहिलं होतं. ते तिने अर्ध्या तुकड्यावर टाकलं आणि ती पाण्यात गेली. काठ जवळ होता म्हणून चौघांनी ओढून बाहेर काढलं. कुंदा धावत पुलापाशी गेली.

आई धापा टाकत होती. लुगडं पिळता पिळता ती जमलेल्या बायकांना म्हणाली, "माझ्या पोरीने बांधलाय. पूर्ण गुण होते तिला."

तात्पर्य: मुलांनो, गणित समजून घेऊ नका. चुकून समजलंच, तर निदान कुणाला सांगू नका, आणि जे छापलंय ते लिहून मोकळे व्हा. तुमचं कल्याण होईल, सत्कार होईल, नाक्यावर चित्र लागेल. आईला तेवढं पोहायला शिकवून ठेवा.