राजाभाऊंची हरकत

रेहानसाहेबांनी फाईल टेबलावर ठेवली आणि बर्नार्ड सावध झाला. आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या त्या हॉटेलचं रेस्टॉरंट बर्नार्ड चौदा वर्षं सांभाळत होता. साहेब जनरल मॅनेजर होऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि नव्या साहेबाला काहीतरी नवं करून दाखवायचंच असतं.

"बर्नार्डभाई, साडेदस बजे बार बंद करना खलास! अब रात तीन बजे तक. ॲप्लिकेशन रेडी है. बस, सामनेवाले टॉवर से किसी का ऑब्जेक्शन नहीं आना चाहिए."

"इन्शाल्ला, सर," बर्नार्ड म्हणाला, आणि त्याच श्वासात त्याने वसईच्या सगळ्या संतांना साकडं घातलं की हा परवाना काही मिळू देऊ नका.

कारण एकच, फिलोमिना. त्याची बायको हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये होती, पहाटे पाचला उठायची. पण चौदा वर्षांत एकदाही ती त्याच्याआधी जेवली नव्हती. तो साडेअकराला घरी पोचला की ती कालवण गरम करायची आणि दोघं समोरासमोर बसून जेवायची. बार तीनला बंद झाला तर घरी पोचायला चार वाजणार. म्हणजे ही बाई चारपर्यंत उपाशी बसणार, जेवणार आणि तशीच ड्युटीवर जाणार. दोन महिन्यांत तिला तिच्याच हॉस्पिटलात ॲडमिट करावं लागलं असतं.

साहेबाला नाही म्हणायची सोय नव्हती. पण कुणी बाहेरच्याने हरकत घेतली तर बर्नार्ड बिचारा काय करणार? आणि हरकतीच्या बाबतीत आख्ख्या आयलंडवर राजाभाऊंचा हात धरणारा कुणी नव्हता.

राजाभाऊ पुण्याहून मुलाकडे राहायला आले होते, समोरच्याच टॉवरमध्ये. लिफ्टचं संगीत, पूलमधलं क्लोरीन, वॉचमनची झोप, सगळ्यांवर त्यांचे लेखी अर्ज गेले होते. बर्नार्डशी ओळखही तशीच झाली होती. हॉटेलच्या फवाऱ्याने त्यांचे बूट भिजले, म्हणून ते दोन पानं घेऊन आले होते.

"राजाभाऊ, तीन वाजेपर्यंत बार म्हणजे तुमच्या झोपेचं खोबरं," बर्नार्ड त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाला. "तुम्ही एक कम्प्लेंट टाकाच. माझं नाव मात्र नको."

राजाभाऊंचे डोळे चमकले. पण लगेच ते गंभीर झाले. "पुराव्याशिवाय मी लिहीत नसतो, बर्नार्ड. तीन दिवस संध्याकाळी तुमच्याकडे बसेन. आवाज मोजेन. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सात वाजता राजाभाऊ वही घेऊन हजर झाले. सोबत नात इरा, कारण आवाज मोजायचं ॲप तिच्या फोनवर होतं. त्यांनी बारच्या अगदी जवळचं टेबल निवडलं. बर्नार्ड खूश झाला. त्याने स्वतः जाऊन गाण्यांचा आवाज मोठा केला.

पण चौदा वर्षांची सवय वाईट. टेबलं बघत एक चक्कर मारून तो परत आला तेव्हा हाताने आपसूकच आवाज खाली आणला होता. त्याच्या ध्यानात आलं तोवर राजाभाऊंनी नोंद केली होती.

"बावन्न डेसिबल. आमच्या घरचा मिक्सर ऐंशी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी नशीब फळफळलं. एका इंजिनियरला चढली आणि तो टेबलावर ताल धरून गायला लागला. बर्नार्डला वाटलं, देव पावला! गाऊ दे, नाचू दे, एखादा ग्लास फुटू दे. असा विचार करत करतच तो त्याच्याजवळ पोचला, "सर, पहले थोडा पानी" म्हणत त्याला खुर्चीत बसवलं, लिंबूपाणी पाजलं आणि पाच मिनिटांत टॅक्सीत घातलंही. परत फिरताना त्याने कपाळाला हात लावला. राजाभाऊ भराभर लिहीत होते.

तिसऱ्या दिवशी तर बर्नार्डने स्वतःच्या पायावर धोंडाच पाडून घेतला. राजाभाऊ नुसत्या सोड्यावर बसलेले त्याला बघवेनात. दारात आलेल्या माणसाला उपाशी ठेवणं वसईकराच्या रक्तात नाही. त्याने किचनमधून बटाट्याची भाजी आणि गरम पोळ्या मागवल्या. मेन्यूवर नसलेलं ते जेवण राजाभाऊंनी डोळे मिटून संपवलं.

मग त्यांनी तिथेच इराला मजकूर सांगितला आणि तिने तो फोनवरूनच परवाना खात्याकडे पाठवला.

"आजोबा, धिस इज नॉट अ कम्प्लेंट. धिस इज अ फाइव्ह-स्टार रिव्ह्यू," इरा म्हणाली.

"जे दिसलं ते लिहिलं," राजाभाऊ म्हणाले. "खोटं मी सरकारलाही लिहीत नाही."

बर्नार्डच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या आठवड्यात खात्याच्या अधिकारी हलिमा मॅडम भर दुपारी पाहणीला आल्या. त्यांच्या हातात राजाभाऊंच्या अर्जाची प्रत होती. रेहानसाहेब शेजारी हात बांधून उभे.

"मिस्टर बर्नार्ड, पीपल राइट टू अस ओन्ली टू कम्प्लेन," त्या हसून म्हणाल्या. "धिस जेंटलमन रोट थ्री पेजेस इन युअर प्रेझ. अप्रूव्ह्ड. वन कंडिशन. यू विल बी प्रेझेंट टिल क्लोजिंग. मबरूक!"

त्या अभिनंदनावर साहेबांनी त्याला मिठीच मारली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी बर्नार्डची गत झाली.

दुपारच्या सुट्टीत तो नेहमी स्टाफरूममध्ये आडवा व्हायचा. त्या दिवशी थेट घरी गेला. फिलोमिना नुकतीच ड्युटीवरून आली होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं, राजाभाऊंसकट.

फिलोमिनाने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली. "मिळाला? खरंच मिळाला? तू परवान्याचं बोललास तेव्हापासून नऊ दिवस मेणबत्ती लावत होते रे मी!"

"कशाला?"

"तुला मिळावा म्हणून! साडेअकराला जेवून पित्त उसळतं माझं. डोळे मिटत असतात, घास फिरत असतो. पण तुला एकट्याला जेवण जात नाही ना, म्हणून बसत होते. आता तू तिकडेच जेव आणि मी आठला जेवून झोपते."

बर्नार्ड खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"फिलो, एक सांगू? मारशील."

"सांग."

"मी रोज सहाला स्टाफबरोबर पोटभर जेवतो. पहिल्या दिवसापासून. तू उपाशी बसलेली असतेस, म्हणून घरी येऊन परत जेवायचो."

फिलोमिनाची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली त्याच्या पोटावर उतरली. शर्टाचं चौथं बटण कधीचं तग धरून होतं. आधी तिचे खांदे हलले, मग ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बर्नार्डलाही हसू आवरेना. चौदा वर्षं आपल्यासाठी पित्त सोसणारी ही बाई त्याला त्या क्षणी फार आवडली.

"आता भूक आहे का रे? खरं सांग हं."

"आहे. सकाळपासून टेन्शनमध्ये काही खाल्लं नाही."

"मलाही आहे."

दुपारचे चार वाजले होते. तिने दोन ताटं घेतली.