लाली दिसली की मुळेकाका

नेहरू नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अंगावर कधीच निळ्या बॉलपेनची रेघ उमटली नाही, असा माणूस सापडणं कठीण. कुणाला खरचटलं, काटा रुतला, फोड आला, की तळमजल्यावरचे मुळेकाका हजर. लाल झालेल्या जागेभोवती ते पेनानं कुंपण घालतात, शेजारी वेळ लिहितात आणि संध्याकाळी तपासायला येतात. लाली कुंपणाबाहेर पडली असेल तर तडक डॉक्टरकडे पिटाळतात. वरच्या मजल्यावरच्या नवरदेवाच्या गालावर पुटकुळी आली होती, तर काकांनी त्यालाही सोडलं नाही. लग्नाच्या फोटोंत ती रेघ आहे.

काका मूळचे ग्वाल्हेरचे. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये जन्म गेला, त्यामुळे माणसांपेक्षा पेशींशी घसट जास्त. जीवाणूंच्या अंगावर अशी काही खूण असते, जी आपल्या शरीरात कुठंच नसते. कातडीखालच्या पहारेकरी पेशी ती ओळखतात आणि वर्दी देतात. मग रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जागा लाल, गरम होऊन सुजते. हे सगळं आम्हाला आता पाठ आहे. सुजेबद्दल कुणी कुरकुरलं की काकांना मनापासून वाईट वाटतं. "सूजन को गाली मत दो, बेटा," ते म्हणतात, "ते लोक ड्यूटीवर आहेत."

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईच्या टाचेला बारीकशी जखम झाली. आईला जुना मधुमेह. लाली नाही, सूज नाही, दुखत तर मुळीच नव्हतं. मी थट्टेनं काकांना म्हटलं, आज तुमच्या पेनाला सुट्टी. काका जमिनीवर बसले, आईचा पाय मांडीवर घेतला आणि टाच अंगठ्यानं चाचपून बघितली. मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला. मला शाळेत शिकवायला जायचं होतं, रविवारी जाऊ म्हटलं. काका स्वतःच रस्त्यावर जाऊन ऑटो घेऊन आले.

डॉक्टरांनी जखम उघडली, तर आत पार खोलवर पू झाला होता. अजून चार दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता, असं ते म्हणाले. मला रडू आवरेना.

बाहेर बाकावर काका बसले होते. मी आभार मानायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. काकू मधुमेहानं गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"तिनंही मला असाच पाय दाखवला होता," ते म्हणाले. "मी बघितलं, लाली नाही. म्हटलं, काही नाही, ठीक है. साखरेनं पहारेकरीच थकलेले असतात, बेटा, वर्दी देणार कोण? मला ठाऊक होतं हे. लॅबमध्ये नव्या पोरांना मीच शिकवायचो."

तेवढ्यात दार उघडून नर्सनं विचारलं, "पेशेंट के साथ कौन है?"

मी डोळे पुसून उठेपर्यंत काका उभे राहिले होते.

"मैं हूँ," ते म्हणाले.